चूल व जळण

अन्न शिजविण्यासाठी व पाणी तापविण्यासाठी घरात ज्या ठिकाणी विस्तव पेटविला जातो ती रचना म्हणजे चूल आणि तिच्यात जाळले जाणारे लाकूड, पिकांचे अवशेष, गोवऱ्या, भुसा इ. घन पदार्थ म्हणजे जळण होय. ग्रामीण बोलीत जळणास सरपण किंवा जळतण असेही म्हणतात. चुलीचे सर्वांत साधे रूप तीन दगडांचे. यात्रेत, शेतात किंवा स्थलांतरित मजुरांच्या पालापुढे ते आजही आढळते. घरातील चूल मातीची, तीन बाजूंनी बंद व समोर तोंड असलेली असते. तिच्या शेजारी जोडलेल्या दुसऱ्या भोकास वैल म्हणतात. चुलीतील उरलेली धग वैलावर पोहोचते व तेथे आमटी किंवा दूध मंद आचेवर राहते. कोळशाच्या शेगडीला जाळी व खालून हवा लागते, स्टोव्हला रॉकेलच लागते. चुलीला मात्र असे कोणतेही बंधन नाही. जळू शकेल ते तिच्यात जळते. अलीकडे ‘बहुइंधनी चूल’ हे भारदस्त नाव ज्या गुणासाठी दिले जाते, तो गुण मातीच्या चुलीत मुळापासूनच आहे. कोणते जळण केव्हा लावावयाचे हा प्रश्नही त्यामुळे चुलीइतकाच जुना ठरतो. प्रस्तुत नोंदीत मराठवाड्याच्या, विशेषतः शेंद्रा (जि. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद) परिसराच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

जळणाची निवड त्याच्या उष्णतामूल्यावरून होते, असे पुस्तकावरून वाटते. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या १ किग्रॅ. पासून सु. ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. हवेवर वाळलेल्या लाकडापासून व पऱ्हाट्या, तुराट्या यांसारख्या अवशेषांपासून सु. ३,५०० ते ४,०००, गोवरीपासून २,००० ते ३,०००, लोणारी कोळशापासून सु. ७,०००, तर रॉकेल व द्रवरूप खनिज तेल वायू (सिलिंडरमधील गॅस) यांपासून १०,००० हून अधिक किलोकॅलरी मिळतात [⟶ इंधन]. तथापि हे आकडे चुलीच्या तोंडाशीच थांबतात. साध्या चुलीत निर्माण झालेल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा ते पंधरा टक्के भांड्यात उतरते. बाकीची भिंतीत, धुरात व वाऱ्यावर जाते. ओलाव्याचा परिणाम तर याहून मोठा आहे. १ किग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सु. ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात. ज्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे आहे, त्याच्या १ किग्रॅ. पासून २,००० किलोकॅलरीही हाती लागत नाहीत. म्हणजे ओल्या बाभळीपेक्षा वाळलेली गोवरी बरी. गृहिणीला हे गणित मांडावे लागत नाही. काडी मोडताना होणाऱ्या आवाजावरून तिला ते कळते, आणि पावसाळ्यापूर्वी जळण आडोशाला रचण्याची तिची घाई त्यातूनच येते.

शेंद्रा हे संभाजीनगर शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावरील गाव. मांगीरबाबांच्या यात्रेसाठी ते मराठवाडाभर परिचित आहे. भोवतालचा मुलूख कापसाच्या काळ्या जमिनीचा, बेताच्या पावसाचा व विरळ झाडीचा आहे. कोकणात माडाच्या झावळ्या, सोडणे व करवंट्या, तसेच भाताचे तूस ही घरबसल्या मिळणारी जळणे आहेत. विदर्भाच्या पूर्व भागात जंगल जवळ आहे. मराठवाड्यात यांपैकी काहीच नाही. येथील चूल मुख्यतः शेतावर जगत आली. दख्खनच्या पठारावरील आद्य शेतकऱ्यांच्या वसाहतींतही, उदा., पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात, घरांच्या आत चुली सापडल्या आहेत. म्हणजे शेती व घरातील चूल यांची सोबत येथे तीन हजार वर्षांची तरी आहे.

शेतावर जगणाऱ्या चुलीला ऋतू असतात. खरिपाची बाजरी निघाली की जमिनीत उरलेली धसकटे वेचली जातात. ती क्षणात पेटतात व क्षणात विझतात. चहापुरते किंवा दुसरे जळण पेटविण्यापुरतेच त्यांचे काम. तूर निघाली की तुराट्या येतात. त्या सरळ, हलक्या व कोरड्या असून त्यांची ज्योत उंच व स्वच्छ असते. भाकरीला तव्याखाली असाच जाळ हवा असतो. पण त्यांचे निखारे पडत नाहीत, आणि तव्यावरून काढलेली भाकरी फुगविण्यासाठी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी करावी लागते. म्हणून जाणती बाई तुराटीच्या जोडीला एखादे बाभळीचे लाकूड किंवा गोवरीचा तुकडा सारते: ज्योत एकाची, निखारा दुसऱ्याचा. तुराटीला गिऱ्हाइकेही बरीच असतात. कूड, छपरे व टोपल्या तिच्याच होत असल्यामुळे चुलीच्या वाट्याला मोडकी तुराटीच येते. कापसाची वेचणी संपल्यावर, साधारणतः माघ-फाल्गुनात, पऱ्हाट्या उपटल्या जातात. त्या वाकड्या, फाटे फुटलेल्या व रचण्यास अवघड असतात. परंतु त्यांत लाकडाचा अंश पुष्कळ असल्याने त्या तुराटीपेक्षा जास्त वेळ टिकतात व थोडेबहुत निखारेही देतात. घरामागे रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगावरून त्या घराचे वर्ष कसे जाणार याचा अंदाज बांधता येत असे. ज्वारीचा कडबा मात्र चुलीत कधीच जात नाही. तो गुरांचा असतो, आणि कडबा जाळण्याची वेळ येणे म्हणजे गोठा रिकामा झाल्याची खूण.

यावरून असे दिसते की पीक बदलले म्हणजे जळण बदलते. गेल्या तीन-चार दशकांत मराठवाड्याच्या मोठ्या भागात सोयाबीन आले व त्याने ज्वारी, बाजरी, मूग यांची जागा घेतली. सोयाबीनचा भुसा मळणीयंत्रातून बारीक होऊन पडतो. त्याने चूल पेटत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मका वाढला, त्यामुळे दाणे काढलेली कणसे हे एक चांगले जळण नव्याने मिळाले. पिकाचा निर्णय बहुधा घरातील पुरुष घेतो आणि त्याचा जळणावर होणारा परिणाम स्त्रिया भोगतात. कृषिविषयक ग्रंथांत या गोष्टीचा उल्लेख फारसा आढळत नाही.

लाकडांत बाभळीला पहिला मान आहे. ते जड, सावकाश जळणारे व उत्तम निखारा देणारे आहे. हिवर, बोर व निंब ही त्या खालोखाल. पांगारा, शेवगा यांसारखी हलकी, पोकळ लाकडे धूर फार व आच थोडी देतात. शेर, थोर व रुई यांच्या चिकाचा धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून ती टाळतात. वड, पिंपळ व औदुंबर ही झाडे पूज्य असल्याने ती चुलीत घालत नाहीत. परदेशातून आलेली वेडी बाभूळ पडीक जमिनीत व नाल्यांकाठी आपोआप पसरली. तिच्याविषयी शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे, पण भूमिहीन कुटुंबांना तिच्याइतके हक्काचे जळण दुसऱ्या कोणत्याही झाडाने दिले नाही. शासनाच्या सामाजिक वनीकरण विभागाची स्थापना १९८२ मध्ये झाली. सुबाभूळ, निलगिरी यांची लागवड जळणाचा तुटवडा दूर करण्याच्या हेतूने सुरू झाली. तथापि सरळ वाढलेल्या झाडाला वासे व कागद यांच्या बाजारात चुलीपेक्षा जास्त भाव मिळतो, हे अनेक राज्यांत अनुभवास आले.

गोवरीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शेण हे खत असून ते जाळणे म्हणजे जमिनीचे अन्न जाळणे, हा आक्षेप शंभर वर्षांहून जुना आहे. ब्रिटिश कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी भारतीय शेतीच्या सुधारणेवरील आपल्या १८९३ च्या अहवालात त्याची चर्चा केली. शेतकरी अज्ञानाने नव्हे, तर लाकूड नाही म्हणून शेण जाळतो, असे सांगून त्यांनी जळण व चारा यांसाठी राखीव वने असावीत अशी शिफारस केली होती. निदान अचूक होते. उपाय मात्र बहुतांशी कागदावर राहिला. गोवरी जळताना शेणातील नायट्रोजन निघून जातो. पालाश व स्फुरद राखेत उरतात. ती राख भांडी घासून शेवटी उकिरड्यावर, म्हणजे शेतातच जाते. गोवरीचे कामही लाकडाहून वेगळे आहे. ती धुमसते, भडकत नाही. दूध तापविणे, रात्रभर विस्तव राखणे, थंडीत आगटीत हुरडा भाजणे ही कामे गोवरीवाचून नीट होत नाहीत. आगपेटी सर्वत्र पोहोचण्यापूर्वी राखेखाली झाकलेली गोवरी हाच घरातील विस्तवाचा साठा असे. गोवऱ्या थापणे, वाळविणे व त्यांचा हुडवा रचून तो पावसाळ्यापूर्वी लिंपणे हे सर्व श्रम स्त्रियांचे. दुष्काळात, उदा., १९७२ च्या दुष्काळात, जनावरे कमी झाली की गोवरीही कमी होते, आणि त्याच वर्षी शेतातील अवशेषही नसतात. तेव्हा जळणासाठी चालावयाचे अंतर वाढते.

शहरात निवड वेगळ्या रीतीने झाली. लाकडाच्या वखारीतून वजनावर लाकूड व कोळसा विकत मिळे. लोणारी समाजाचा कोळसा पाडण्याचा परंपरागत व्यवसाय या मागणीवर चाले. लाकूड कापण्याच्या गिरण्यांतील भुसा फुकट किंवा स्वस्तात मिळत असल्याने भुशाची शेगडी प्रचारात आली. पत्र्याच्या डब्यात मधोमध काठी धरून भुसा ठासून भरावयाचा, काठी हळूच काढून घ्यावयाची आणि उरलेल्या पोकळीत खालून जाळ लावावयाचा. ठासणी जमली तर दोन वेळचा स्वयंपाक एका भरणीत होई. न जमली तर सारे घर धुराने भरे. आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब हा शहरी घरातील खरा बहुइंधनी: ढलप्या, करवंट्या, गोवरीचे तुकडे, रद्दी कागद, त्याला काहीही चाले. स्वीडनमधील फ्रान्स व्हिल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास तयार केलेल्या दाबाच्या स्टोव्हमुळे रॉकेल स्वयंपाकघरात आले. ते शिधापत्रिकेवर मिळे व रांगेत उभे राहून आणावे लागे. स्टोव्हचा भडका होऊन विवाहित स्त्रिया भाजल्याच्या बातम्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारंवार येत. त्यांतील सर्वच भडके अपघाती नव्हते, हे हुंडाबळीविषयक कायद्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

चुलीच्या धुराकडे वैद्यकाचे लक्ष उशिरा गेले. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुप्फुसांच्या विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याचा रोग तेथील स्त्रियांत तरुण वयातच आढळतो, असे दाखविले व त्याचा संबंध घरातील धुराशी जोडला. या स्त्रिया धूम्रपान करीत नव्हत्या. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ व त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या श्वासावाटे जाणाऱ्या कणांचे प्रत्यक्ष मापन केले. जळणाची प्रत जसजशी खालावते, म्हणजे लाकडाकडून काडीकडे व काडीकडून शेणाकडे, तसतसा धूर सामान्यतः वाढतो. गरिबीची पायरी व धुराची पायरी या अशा एकमेकींस जुळतात.

धुरावर उपाय शोधण्याचे प्रयत्न मात्र वैद्यकाच्या आधी सुरू झाले होते आणि त्यांतील दोन महत्त्वाचे प्रयत्न मराठी मुलखाशी निगडित आहेत. वर्धा येथील मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यातून १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी मातीची, एका जाळावर अनेक भांडी तापविणारी व शेवटी धुराडे असलेली चूल तयार केली. धूररहित स्वयंपाकघराविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या अखेरीस हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला व या काळात देशभर सु. साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने (‘आरती’, स्थापना १९९६) ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’ यांसारख्या चुली प्रचारात आणल्या.

या कार्यक्रमाच्या अपयशाची चिकित्सा पुष्कळ झाली आहे. अनुदानावर भर, गवंड्यांचे अपुरे शिक्षण, काजळीने बुजलेली धुराडी ही कारणे खरी आहेत. परंतु एक कारण चुलीच्या स्वभावातच होते. सुधारित चुलीचे तोंड मापाने लहान असते. त्यात आखूड, सारख्या जाडीचे तुकडेच नीट जळतात. मराठवाड्यातील जळण म्हणजे वाकडी पऱ्हाटी व लांबच लांब तुराटी. साध्या चुलीत ती टोकाकडून पेटवून जळेल तशी आत सारता येते. नव्या चुलीसाठी ती रोज कोयत्याने तोडावी लागे. म्हणजे जळण वाचले, पण काम वाढले. प्रयोगशाळेत चुलीची परीक्षा तोडलेल्या कोरड्या लाकडावर होत होती आणि घरी तिच्यात धसकटे जात होती. शिवाय जी चूल काहीही स्वीकारीत असे, तिच्या जागी निवडक जळण मागणारी चूल आली होती, हे योजनाकारांच्या फारसे लक्षात आले नाही.

गोबर वायूची कथा याच्या उलट आहे. त्यात शेण जळतेही आणि खतही राहते, म्हणून तो व्होल्कर यांच्या प्रश्नाचे सर्वांत समर्पक उत्तर ठरावयास हवा होता. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठधामात मैल्यापासून वायू मिळविण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला होता. जशभाई पटेल यांच्या १९५१ च्या सुमाराच्या संयंत्रातून पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाचे तरंगत्या टाकीचे संयंत्र आले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी व त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन देहू येथे डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयास जोडलेल्या वायुसंयंत्राचे काम केले. १ घन मी. वायूसाठी सु. २५ किग्रॅ. शेण व जवळजवळ तितकेच पाणी रोज लागते. चार-पाच जनावरांच्या घरास हे साधते. ज्याच्या दारात एखादी शेळी आहे व पाणी टँकरने येते, त्याला साधत नाही. मराठवाड्यात गोबर वायू त्यामुळे बागायतदाराच्या वाड्यात राहिला. उष्टे व खरकटे यांवर चालणाऱ्या छोट्या संयंत्राने ‘आरती’ने ही अट काहीशी सैल केली. तत्पूर्वी याच संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा बनविण्याची पद्धत विकसित केली होती. या दोन्ही कामांना ब्रिटनचे ॲशडेन पारितोषिक अनुक्रमे २००६ व २००२ मध्ये मिळाले.

सिलिंडरमधील वायू भारतात १९५५ मध्ये मुंबईत प्रथम विक्रीस आला. पुढील सहा दशके तो प्रामुख्याने शहरी व नोकरदार वर्गाचे इंधन राहिला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने हे चित्र वेगाने बदलले. या बदलाचा एक टप्पा शेंद्रा येथे नोंदविला गेला. दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग म्हणून शेंद्रा–बिडकीन येथे उभारलेल्या ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीच्या सभागृहाचे उद्‌घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. त्याच दिवशी महिला बचत गटांच्या राज्यस्तरीय मेळाव्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते योजनेची आठ कोटीवी जोडणी देण्यात आली. मार्च २०२० पर्यंतचे उद्दिष्ट सात महिने आधीच पूर्ण झाले होते.

जोडणी मिळणे व चूल बंद होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या त्याच वर्षीच्या अहवालानुसार योजनेतील जुन्या लाभधारकांनी वर्षास सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतले होते. संपूर्ण स्वयंपाक वायूवर करणाऱ्या कुटुंबास याच्या दुपटीहून अधिक लागतात. १४.२ किग्रॅ. च्या एका सिलिंडरमधून भांड्यात उतरणारी उष्णता साध्या चुलीत मिळविण्यास सु. दोनशे किग्रॅ. जळण लागेल. या हिशोबाने सिलिंडर महाग नाही. पण सिलिंडरला एकरकमी पैसा लागतो; पऱ्हाटीला लागतात ते श्रम, आणि ते घरातील स्त्रीचे असल्याने खर्चाच्या बाजूस लिहिले जात नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होते, ते २०१९–२१ मध्ये ५८.६ टक्के झाले. प्रगती मोठी आहे. परंतु पाहणीत मुख्य इंधनच नोंदले जात असल्याने चहा वायूवर व भाकरी चुलीवर करणारे घर कोणत्या तरी एकाच रकान्यात बसते.

शेंद्रा परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. औद्योगिक वसाहत येथे आधीच वसली होती व २००१ पासून मोटारींचा कारखानाही चालू झाला होता. ‘ऑरिक’साठी आणखी जमीन गेली. जमिनीबरोबर पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटे व बांधावरच्या बाभळीही जातात. मोबदला जमिनीचा मिळतो, जळणाचा नाही. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबांना, ज्यांना दुसऱ्याच्या शेतातून जळण वेचण्याची मुभा होती, तोही मिळत नाही. औद्योगिक वसाहतींच्या आसपास यंत्रांच्या वेष्टनाच्या फळ्या, खोकी व प्लायवूडचे तुकडे जळण म्हणून येऊ लागतात. कोरी फळी निर्धोक असते. रंग दिलेली, कीडनाशक मुरविलेली किंवा सरसाने चिकटविलेली फळी जाळल्यास विषारी वायू निघतात व त्यावर भाकरी भाजणे टाळावयास हवे. पेटविण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी वापरण्याची सवयही याच सदरात मोडते.

पऱ्हाटीही आता निर्धोक राहिलेली नाही. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने मराठवाडा व विदर्भातील कापसाचे अतोनात नुकसान केले. या अळीच्या सुप्तावस्थेला न वेचलेल्या किडक्या बोंडांत व पऱ्हाट्यांच्या ढिगांत आसरा मिळतो. म्हणून हंगाम संपताच पऱ्हाट्या नष्ट कराव्यात व त्यांचे ढीग शेताजवळ साठवू नयेत, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. बोंडे पूर्ण झाडून ढीग उन्हात तापविणे, तसेच नवीन लागवडीपूर्वी तो संपविणे हा मधला मार्ग आहे. पण लागवड मृगात होते व पऱ्हाटीची खरी गरज त्यानंतरच्या चार ओल्या महिन्यांत असते. त्यामुळे बहुतेक घरांत थोड्या पऱ्हाट्या पत्र्याच्या छपराखाली राहतातच. चूल अंगणात गेली आहे, आत दोन बर्नरची शेगडी आहे, आणि आंघोळीचे पाणी व बाजरीची भाकरी बाहेरच होते.